शब्दांविना गीत : गाण्याचे पियानो-रूपांतर कसे होते?



काही वर्षांपूर्वी पुणे शहरातील एका धर्मग्रामाच्या सभागृहात ज्येष्ठांचा मेळावा भरला होता. गायनवृंद काही कारणाने येऊ शकला नाही. सभागृहाच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता आणि पियानोची सहावी परीक्षा उत्तीर्ण झालेली एक मुलगी उपस्थित होती. सर्वांनी आग्रह केला म्हणून तिने सर्वांच्या परिचयाचे एक मराठी भजन वाजविले. एकही स्वर चुकला नाही, ताल कोठे ढळला नाही. वाजवून झाल्यावर पुढच्या रांगेतील एक आजी हळूच म्हणाल्या, "सूर तेच आहेत गं बाळ, पण गाणं कुठं गेलं?"

आजींच्या बोलण्यात टीका नव्हती, खरेखुरे कुतूहल होते. मुलगी गोंधळली. आम्ही तेथेच होतो. आम्हांलाही त्या क्षणी उत्तर देता आले नाही. सूर तेच असतील तर गाणेही तेच असायला हवे, असे आपण समजतो. परंतु गाणे म्हणजे केवळ सुरांची रांग नव्हे. गायकाच्या कंठातून निघालेले गीत दहा बोटांच्या स्वाधीन करणे ही एक स्वतंत्र कला आहे. थोरथोर संगीतकारांनी तिच्यासाठी आयुष्याची वर्षे खर्ची घातली आहेत. त्या कलेची ओळख करून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

रूपांतर म्हणजे काय?

प्रथम तीन गोष्टींतील फरक ध्यानात घेऊ. गायक गात असताना पियानो किंवा पेटी वाजविणे ही झाली साथ. गाण्याची चाल एका हाताने जशीच्या तशी वाजविणे ही झाली धून. गायक नसताना, शब्द नसताना, गायन आणि साथ या दोहोंचा अनुभव एकट्या पियानोवर उभा करणे म्हणजे रूपांतर होय. भाषांतरकार ज्याप्रमाणे शब्दाला शब्द ठेवीत नाही, तर मूळ वाक्याचा भाव आपल्या भाषेत पुन्हा बांधतो, त्याप्रमाणे रूपांतरकार गायकाची भाषा पियानोच्या भाषेत पुन्हा बांधतो.

युरोपमध्ये ही कला एकोणिसाव्या शतकात भरास आली. त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते. एखाद्या नगरात गायिलेले गीत दुसऱ्या नगरात पोहोचायचे तर कागदावरून आणि कोणाच्या तरी बोटांतूनच पोहोचावे लागे. व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूबर्टने सहाशेहून अधिक गीते रचली आणि १८२८ साली वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी तो निवर्तला. व्हिएन्नाबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुढील काही वर्षांत फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन पियानोवादकाने त्याच्या पन्नासहून अधिक गीतांची पियानो-रूपांतरे केली आणि युरोपभरच्या आपल्या कार्यक्रमांतून ती वाजविली. शूबर्टची गीते घरोघरी पोहोचण्यात या रूपांतरांचा मोठा वाटा आहे.

याच लिस्टने पुढे १८६५ साली चार लघुपदांची दीक्षा घेतली. तो धर्मगुरू झाला नाही, त्याने मिस्सा अर्पण केली नाही. परंतु त्यानंतर लोक त्याला 'आबे लिस्ट' म्हणू लागले.

'आवे मारिया'चा प्रवास

शूबर्टचे 'आवे मारिया' ठाऊक नसलेला कॅथलिक विरळाच. विवाहप्रसंगी आपल्या चर्चमध्ये ते हमखास ऐकू येते. पुष्कळांची समजूत अशी की ते आरंभापासून उपासनेचे गीत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सर वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश कवीच्या १८१० सालच्या 'द लेडी ऑफ द लेक' या दीर्घकाव्यात एलन नावाची तरुणी आपल्या पित्यासह गुहेत आश्रय घेते आणि पवित्र मरियेला हाक मारते. त्या प्रार्थनेच्या जर्मन अनुवादाला शूबर्टने १८२५ साली चाल लावली. लॅटिन 'नमो मरिया'चे शब्द त्या चालीवर नंतर बसविण्यात आले.

स्कॉटच्या काव्यात एलनच्या प्रार्थनेला वीणेसारख्या तंतुवाद्याची, म्हणजे हार्पची, साथ आहे. म्हणूनच शूबर्टने पियानोच्या साथीत स्वरांचे तुटक, लाटांसारखे झुबके एकसारखे वाहते ठेवले आहेत. लिस्टने १८३८ च्या सुमारास या गीताचे रूपांतर केले, तेव्हा त्याच्यापुढे दुहेरी काम होते. एलनची प्रार्थना ऐकू यायला हवी आणि तिच्याभोवतीची हार्पही थांबता कामा नये. गायिका एक, हार्पवादक एक, आणि वाजविणारा मात्र एकटा.

याच्या उलट दिशेचा प्रवासही आपल्या परिचयाचा आहे. योहान सेबास्टियन बाखने १७२२ साली पूर्ण केलेल्या संग्रहातील पहिल्या रचनेत गाणे नाहीच; केवळ वाद्यावरचे स्वरांचे झुबके आहेत. त्यावर फ्रान्सच्या शार्ल गुनोने एक नवी चाल गुंफली. १८५३ साली ती वाद्यसंगीत म्हणूनच प्रसिद्ध झाली आणि 'आवे मारिया'चे शब्द तिला १८५९ साली मिळाले. बाख लूथरपंथी होता. गुनोने काही काळ कॅथलिक सेमिनरीत ईशज्ञानाचे धडे घेतले होते. सांगायचे ते एवढेच की चाल, शब्द आणि वाद्य यांचा संबंध जुळतो, सुटतो आणि पुन्हा जुळू शकतो. तो पुन्हा जुळविणारा हात मात्र जाणता हवा.

तीन हातांचे काम दोन हातांनी

पियानोला ८८ पट्ट्या असतात : ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. पट्टी दाबली की आतील हातोडी तारेवर आपटते आणि स्वर उमटतो. उमटला की त्याच क्षणापासून तो विरू लागतो. गायक एक स्वर दीर्घकाळ धरू शकतो, मध्येच तो फुलवू शकतो. आपली पेटीदेखील भात्याच्या वाऱ्यावर स्वर लांबवू शकते. पियानोला हे साधत नाही. एकदा वाजविलेला स्वर मोठा करण्याचा कोणताही उपाय त्याच्यापाशी नाही.

या उणिवेवर रूपांतरकारांनी अनेक युक्त्या शोधल्या. साथीचे स्वर मुख्य स्वराच्या भोवती असे पेरायचे की त्यांच्या झंकारात मुख्य स्वर अजून चालू आहे असे कानाला वाटावे. पायाखालचे पेडल दाबून तारा मोकळ्या ठेवायच्या. लांब स्वर असेल तेथे तो हलकेच पुन्हा वाजवायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालीचे स्वर जोरकस आणि साथीचे स्वर हलके वाजवायचे, मग ते एकाच हाताच्या शेजारशेजारच्या बोटांत का असेनात. उजव्या हाताची करंगळी गात असते आणि त्याच हाताचा अंगठा साथ करीत असतो.

लिस्टचा समकालीन सिगिस्मंड थालबर्ग याने याहून निराळी रीत लोकप्रिय केली. त्याने चाल पियानोच्या मधल्या भागात ठेवली, ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांत वाटून दिली आणि तिच्या वर व खाली साथीचे स्वर पसरले. ऐकणाऱ्यास वाटे की वाजविणाऱ्याला तीन हात आहेत! या थालबर्गने १८५३ पासून 'पियानोवर गायनाची कला' अशा अर्थाच्या शीर्षकाचा रूपांतरांचा संग्रह प्रसिद्ध केला. पियानोवादकाने स्वतः गाणे शिकावे, असा त्याचा आग्रह होता. ज्याच्या गळ्यातून गाणे गेले नाही त्याच्या बोटांतून ते येणार नाही, असाच त्याचा आशय आहे.

दुसरा प्रश्न कडव्यांचा. गायक तीन कडवी एकाच चालीत म्हणतो आणि शब्द बदलत असल्यामुळे आपण कंटाळत नाही. शब्द काढून घेतले की तेच स्वर तीनदा ऐकावे लागतात. शूबर्टच्या प्रसिद्ध 'सेरेनेड'चे रूपांतर करताना लिस्टने हा प्रश्न सुरेख सोडविला आहे. पुढे चाल खालच्या, पुरुषी आवाजाच्या पट्टीत उतरते आणि नंतर तिच्यामागून वरच्या सप्तकात तिचा प्रतिध्वनी येतो. चाल तीच राहते, गाणारा जणू बदलतो. 'एर्लक्योनिग' या गीतात तर निवेदक, घोडा दौडविणारा पिता, भयभीत बालक आणि त्याला भुलविणारा वनातील पिशाच्चराजा असे चार आवाज आहेत. ते चौघे शब्दांशिवाय वेगळे ओळखू यावे लागतात.

शब्द गेले तरी शब्द हवेत

येथे एक विशेष गोष्ट नमूद करावीशी वाटते. शूबर्टच्या गीतांची रूपांतरे छापताना मूळ कवितेचे शब्द स्वरांसोबतच छापावेत, असा लिस्टने आग्रह धरला होता. वाजविणारा गाणार नाही, ऐकणाऱ्यास शब्द ऐकू येणार नाहीत. मग शब्द कशासाठी? ते वाजविणाऱ्यासाठी. कोणत्या अक्षरावर भार द्यायचा, कोठे श्वास घ्यायचा, कोणता शब्द हळुवार आहे आणि कोणता आर्त, हे त्याला शब्दांवाचून कळणार नाही.

मराठी गीतांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. अभंगाचे उदाहरण घ्या. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची मांडणी असते. शेवटचा खंड दोन अक्षरांनी तोकडा आहे. ती जागा रिकामी नसते. तेथे अर्थ मनात उतरतो, टाळ वाजतो, गायक श्वास घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग योजला तेव्हा ही विसाव्याची जागाही त्याच्यासोबत आली. पियानो वाजविणारा ती जागा न ओळखता पुढच्या ओळीवर धावला, तर स्वर एकही चुकत नाही, पण अभंग मोडतो. आजींना जे हरवलेले वाटले त्याचा मोठा भाग येथेच हरवला होता. मुलीने छापील स्वरांवरून भजन बसविले होते आणि त्या कागदावर शब्द नव्हते.

पट्ट्यांच्या मधली जागा

आतापर्यंतच्या अडचणी सर्व देशांतील गीतांना लागू आहेत. आपल्या रागदारीच्या अडचणी त्याहून खोल आहेत. आपला गायक एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी मारीत नाही, तो घसरत जातो. त्याला आपण मींड म्हणतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये मात्र लाकूडच असते. शिवाय पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा लागतो. दरबारी कानड्याचा खाली झुकलेला, झुलणारा कोमल गंधार तर पियानोच्या एकाही पट्टीत सापडत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे मोठा वाद झाला आहे, तो पियानोवरून नव्हे, तर पेटीवरून. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचा अभ्यास करून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. परंतु ती सर्वत्र रूढ झाली नाही. पुढे मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. मींड आणि श्रुती तिच्यातून निघत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. १९७१ साली ती बंदी शिथिल होऊ लागली. या तीन दशकांत पेटी मात्र घराघरांतून, मंदिरांतून आणि आपल्या चर्चमधूनही वाजतच राहिली.

आक्षेप खरा होता, असे आम्हांस वाटते. निष्कर्ष मात्र अपुरा होता. वाद्याला मर्यादा असते म्हणून ते वर्ज्य होत नाही. त्या मर्यादेत राहून काय साधायचे, हे वाजविणाऱ्याने ठरवायचे असते.

तीन कॉर्डचा मोह

पियानो शिकलेल्या मुलांकडून होणारी सर्वांत सामान्य चूक मींडेची नसते, कॉर्डची असते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजविलेला स्वरांचा समूह. पाश्चात्त्य पद्धतीत पहिल्या वर्षीच तीन प्रमुख कॉर्ड शिकवितात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते असे : सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. या तिघांवर असंख्य पाश्चात्त्य भक्तिगीते उभी आहेत.

आता भूप रागातील एखादे भजन घ्या. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. तीन कॉर्डपैकी दुसऱ्यात मध्यम आहे, तिसऱ्यात निषाद. म्हणजे उजवा हात भूप वाजवीत असताना डावा हात भूपाला नको असलेले दोन्ही स्वर आत आणतो. चाल अचूक असूनही राग मावळतो. ऐकणाऱ्यास कारण सांगता येत नाही. 'हे आपले वाटत नाही' एवढेच तो म्हणतो.

यमनाची गोष्ट निराळी. भास्करबुवा बखले यांनी १९१६ साली 'संगीत स्वयंवर' नाटकासाठी बांधलेले 'नाथ हा माझा' हे पद यमनात आहे. यमनात मध्यम तीव्र असतो. डाव्या हाताने त्या तीव्र मध्यमाभोवती रे-म-ध असा कॉर्ड दिला की कान पंचमाकडे ओढला जातो आणि पंचमच षड्ज असल्याचा भास होऊ लागतो. गाण्याचे घरच बदलते!

यावर उपाय साधा आहे. डाव्या हाताने तानपुऱ्याचे काम करावे. खर्जातील षड्ज आणि पंचम पेडलवर झंकारत ठेवावेत आणि कॉर्ड क्वचित, रागाच्या स्वरांतूनच निवडून द्यावा. केरव्याच्या आठ किंवा दादऱ्याच्या सहा मात्रांचा ठेका डाव्या हातात सूचित करता येतो; खालीच्या जागी मंद्रातील स्वर वगळला की तबल्याचा डग्गा थांबल्याचा आभास होतो. मींडेसाठी आधीच्या स्वराचा कण चटकन स्पर्शून मुख्य स्वरावर यावे. ती मींड नव्हे, मींडेची आठवण होय. चार ठिकाणी ती आठवण द्यावी, चाळीस ठिकाणी नव्हे.

आपले पूर्वसूरी

पट्ट्यांच्या वाद्यावर मराठी गाणे आणण्याचा प्रयत्न आजचा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातच रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांचे युग सुरू झाले. या रंगभूमीवर पुढे पायपेटी आणि ऑर्गन स्थिरावले. आपल्या जुन्या चर्चमध्ये पायाने भाता हलवून वाजविले जाणारे जे ऑर्गन असत, त्यांचेच हे भाऊबंद. एकाच जातीचे वाद्य सकाळी मिस्सेत लॅटिन स्तोत्रांना साथ देत होते आणि रात्री नाट्यगृहात नांदीला.

गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली 'संगीत मानापमान'च्या पदांना चाली दिल्या. हार्मोनियमवर एकट्याने गाणे उभे करण्यात ते आपल्या काळी अग्रणी मानले जात. भास्करबुवांसारख्या गायकाला साथ करता करता त्यांनी कंठातील गाणे बोटांत आणले. थालबर्गने सांगितलेली वाट ती हीच. पुढे पुण्यात वास्तव्य केलेल्या अप्पा जळगावकरांनी तीच परंपरा समृद्ध केली. २००९ साली त्यांचे निधन झाले.

पियानोदेखील पुण्याच्या मराठी संगीतात लवकर आला. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. जेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात केशवराव भोळे यांनी चित्रपटसंगीतात पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांचा उपयोग केला. तेच केशवराव 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाचे संगीतकार होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नवे वाद्य हाताळणाऱ्याला अभंगाचे अंतरंग ठाऊक होते.

स्वर कागदावर उतरविण्याच्या कामात तर आपल्या गोवेकर ख्रिस्ती बांधवांचा वाटा फार मोठा आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर अनेक जण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवी आणि ती पाच रेघांवर उतरवून साऱ्या वाद्यवृंदासाठी सजविण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक करीत. गोव्यातील माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यांवर सादर केल्या. मुंबईत जन्मलेले आणि पुढे कोलकात्यात स्थायिक झालेले व्ही. बलसारा यांनी पियानोवर भारतीय गीते वाजवून श्रोत्यांची मने जिंकली. २००५ साली त्यांचे निधन झाले. या सर्वांपाशी दोन कान होते असे म्हणता येईल : एक रागाचा, एक स्वरलिपीचा.

एक भजन, सहा पायऱ्या

पियानो शिकणाऱ्या आमच्या तरुण वाचकांसाठी ही कला थोडक्यात अशी मांडता येईल.

१. प्रथम गाणे पाठ करावे आणि गावे. आवाज चांगला नसला तरी चालेल. श्वास कोठे घेतला जातो तेथे खूण करावी.

२. चाल आधी सारेगममध्ये लिहावी आणि प्रत्येक स्वराखाली मराठी अक्षर लिहावे. पाच रेघांची लिपी त्यानंतर. सारेगममध्ये लिहिताना राग दिसू लागतो. कोणता स्वर वर्ज्य आहे हे आपोआप कळते.

३. षड्ज कोठे ठेवायचा ते ठरवावे. पहिले कडवे माणसाच्या आवाजाच्या टप्प्यातच वाजवावे. आरंभीच तार सप्तकात गेलेले गाणे खेळण्यातल्या घुंगरांसारखे वाटते.

४. डावा हात शक्य तितका मोकळा ठेवावा. आधी षड्ज-पंचम, मग ठेका आणि सर्वांत शेवटी कॉर्ड.

५. प्रत्येक कडव्याचा अर्थ वाचून त्याप्रमाणे सप्तक, जोर आणि साथ बदलावी. पश्चात्तापाचे कडवे आणि स्तुतीचे कडवे सारखे वाजू नये.

६. शेवटी, ते गाणे ठाऊक असलेल्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला ऐकवावे. तिचे ओठ हलू लागले तर रूपांतर साधले. ती केवळ 'छान वाजवतोस हं' म्हणाली, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जावे.

वहीतील गाणे

आरंभीच्या मुलीची हकिकत अपुरी राहिली. मेळाव्यानंतर ती त्या आजींच्या घरी गेली. आजींनी तिला तेच भजन म्हणून दाखविले, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. तेव्हा तिच्या ध्यानात आले की छापील स्वर आणि आजींचे गाणे दोन ठिकाणी वेगळे आहे. ध्रुपदाच्या अखेरीस आजी एक लहानशी मुरकी घेत आणि तिसऱ्या चरणात एका शब्दावर क्षणभर थांबत. मुलीने ते सर्व एका वहीत उतरवून घेतले, अक्षरांसकट. काही महिन्यांनी तिने ते पुन्हा वाजविले तेव्हा आजी काही बोलल्या नाहीत. त्या गुणगुणत होत्या.

आजी आता हयात नाहीत. वही आहे.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतून गायिल्या जाणाऱ्या किती मराठी गीतांची चाल आज केवळ काही ज्येष्ठांच्या कंठात उरली आहे, याचा विचार करावा. शब्द पुस्तकांत छापलेले सापडतात, चाल बहुधा सापडत नाही. भ्रमणध्वनीवर गाणे मुद्रित करणे आज सोपे झाले आहे आणि ते अवश्य करावे. परंतु मुद्रण त्या दिवसाचा आवाज जपते. स्वरलेखन करणाऱ्याला प्रत्येक स्वरापाशी थांबून 'येथे नेमके काय होते?' असे विचारावे लागते. तो प्रश्न विचारतानाच एका पिढीचे गाणे दुसऱ्या पिढीच्या हाती येते.

पियानोच्या परीक्षा आमच्या मुलांनी जरूर द्याव्यात. शूबर्ट आणि बाख वाजवावेत. त्यासोबत वर्षाला एक मराठी गीत, घरातील एखाद्या आजी-आजोबांकडून ऐकून, शब्दांसह वहीत उतरवावे आणि पियानोवर बसवावे. पहिला प्रयत्न कदाचित साधणार नाही. तेव्हा आजींचा प्रश्न स्वतःला विचारावा आणि पुन्हा एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसावे.